रुपये-खुर्दा

हुमायूनच्या मकबऱ्याच्या तिकीट खिडकीपाशी आम्ही पोहोचलो, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले असतील. फेब्रुवारीतले कोवळे ऊन झाडांच्या पानांतून गळत होते, रांगेत आमच्या पुढे जेमतेम चार माणसे होती आणि मी पर्समधून शंभराची नोट काढून हातात धरली होती. तेवढ्यात मागून आई म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. मी बसते हितंच कट्ट्यावर. गाडीत बसून बसून गुडघे धरलेत माझे." मी म्हटले, "अगं, चल की, सावकाश जाऊ." त्यावर ती म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं? तू पोराला नीट दाखव." साताऱ्याहून मध्यरात्री धरलेल्या गाडीने एक अख्खा दिवस आणि आणखी एक रात्र काढून आम्ही त्याच पहाटे दिल्लीत उतरलो होतो. गुडघे दुखणे अगदी स्वाभाविक होते, त्यामुळे मी फार आग्रह केला नाही. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये तिकीट लागत नाही. म्हणून मी एकच तिकीट काढले, 40 रुपयांचे, आणि आम्ही दोघे आत गेलो. वळून पाहिले तेव्हा आई शेंगा विकणाऱ्या एका बाईशेजारी जागा करून बसत होती. पदराने कट्टा झटकून, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन, जणू ती एवढ्यासाठीच दिल्लीला आली होती.

रात्री लॉजवर मी नेहमीप्रमाणे वही काढून दिवसाचा खर्च लिहायला बसले. रिक्षा, चहा, जेवण, क्लोक रूमचे पैसे, तिकीट. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, ती झोपली असावी असे मला वाटले होते. ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "तिकिटाचे चाळीस वाचले बघ आज." आवाजात समाधान होते, दिवसभरात आपल्या हातून एखादे काम नीट पार पडल्याचे.

त्या 40 रुपयांपायी मला बराच वेळ झोप लागली नाही.

ही सहल मी तीन महिने आखत होते. एका पर्यटन कंपनीच्या माणसाने दिल्ली आणि आग्र्याचे माणशी 22 हजार सांगितले होते, आणि मला तिघांचे मिळून 25 हजारांत, तेही केवळ दिल्ली, पण चार रात्री राहून नीट पाहायची होती. दिल्ली ही एका दिवसात उरकण्याची जागा नव्हे, हे माझे ठाम मत आहे. ज्या गावात सात-आठशे वर्षांच्या राजधान्या एकमेकींच्या अंगावर उभ्या आहेत, तिथे बसच्या खिडकीतून "उजवीकडे पाहा" ऐकत फिरण्यात काय मिळणार? म्हणून मी चौकटीच्या वहीचे पान घेतले आणि आधी वार मांडले. लाल किल्ला सोमवारी बंद, राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी बंद, राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी पहाटे पोहोचणाऱ्या माणसाने हुमायूनचा मकबरा नाहीतर कुतुबमिनार गाठावा, कारण ते सातही दिवस उघडे असतात. त्यातही निजामुद्दीन स्टेशनपासून मकबरा रिक्षाने दहा मिनिटांवर, तेव्हा खोली ताब्यात मिळेपर्यंत सामान क्लोक रूममध्ये ठेवावे आणि थेट तिथेच जावे. क्लोक रूमवाले कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून साताऱ्यातल्या राजवाड्याजवळच्या बाजारातून तीन छोटी कुलपेही आणली. मंगळवारी लाल किल्ला आणि चांदणी चौक, बुधवारी कुतुब आणि मेहरौली, गुरुवारी संग्रहालय, उद्यान आणि गुरुद्वारा, शुक्रवारी दुपारी परतीची गाडी. मेट्रोच्या कार्डावर दर फेरीला दहा टक्के सूट मिळते. लोधी उद्यान, राजघाट, मेहरौलीचे पुरातत्त्व उद्यान, बंगला साहिब गुरुद्वारा यांना पैसाही पडत नाही. पहाडगंजात तीन खाटांची खोली 1,400 रुपयांत मिळाली, आणि तिथून रामकृष्ण आश्रम मार्गाचे मेट्रो स्थानक चालत गाठता येते. हे सगळे बसवताना मला फार आनंद होत होता. पैसे थोडे असले की माणूस नकाशा अधिक बारकाईने पाहतो आणि निघण्यापूर्वीच ते शहर थोडे थोडे ओळखीचे होऊ लागते.

रेल्वेच्या तिकिटाशी मात्र मी अडखळले होते. आई आता 68 वर्षांची आहे. पूर्वी अठ्ठावन्न वर्षांवरील बायकांना रेल्वेत निम्मे भाडे माफ असे. मार्च 2020 मध्ये ती सवलत थांबली ती अद्याप सुरू झालेली नाही. हे आईला ठाऊक नव्हते. साताऱ्याहून कोरेगावला जाताना एसटीत तिला अर्धे तिकीट पडते, तसेच दिल्लीलाही पडेल, असे ती धरून चालली होती. आरक्षण साठ दिवस आधी उघडते, त्या सकाळी आठ वाजता मी संगणकापुढे बसले होते आणि ती माझ्या मागे उभी राहून पाहत होती. तिच्या नावापुढे पूर्ण रक्कम दिसली तशी ती म्हणाली, "मग मी कशाला? तुम्ही दोघंच जा. मी काय, टीव्हीवर बघीन." मी त्यावर काही बोलले नाही, तिघांची स्लीपरची तिकिटे काढली आणि विषय संपला असे समजले. स्लीपरचे भाडे थ्री-एसीच्या निम्म्याहूनही कमी असते, आणि फेब्रुवारीत उकाडाही नसतो, त्यामुळे त्यात काही कमीपणा नव्हता. पण ते वहीचे पान मी स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवले होते. डाव्या रकान्यात प्रत्येकाचे नाव आणि उजवीकडे प्रत्येकावर होणारा खर्च. मुलाने उत्साहाने रंगीत पेनने रेघा मारल्या होत्या. तीन महिने आई रोज सकाळी दूध काढायला त्या फ्रिजपाशी उभी राहत होती. आपल्या नावापुढचा तो आकडा तिने किती वेळा वाचला असेल, हे मला पहाडगंजातल्या त्या खोलीत, बाहेर सायकल रिक्षांच्या घंटा वाजत असताना, पहिल्यांदा सुचले.

मग झोप लागेपर्यंत एकेक जुने आठवत गेले. मी सहावीत असताना आप्पांनी एसटीचा 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास काढला होता आणि आम्ही चौघे सातारा, अहमदनगर, औरंगाबाद, वेरूळ, अजिंठा असे फिरलो होतो. त्या पासाची मुदत संपेपर्यंत एकही दिवस वाया जाऊ द्यायचा नाही, म्हणून आम्ही दोन रात्री बसमध्येच झोपून काढल्या. आईने बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंगाचा डबा घेतला होता. त्या डब्याच्या झाकणाला आतून तेल आणि लसणाचा जो वास धरला होता, तो मला आजही वेरूळचे नाव घेतले की येतो. कैलास लेण्याच्या अंगणातला तो हत्ती, बीबी-का-मकबऱ्यापुढचे ते लांबलचक पाण्याचे कुंड, सगळे मला लख्ख आठवते. पण त्या कुठल्याही आठवणीत आई माझ्याशेजारी उभी नाही. आमच्याकडे त्या सहलीचे अकरा फोटो आहेत. मकबऱ्यापुढे आप्पा, मी आणि दादा, तिघेच. आई बाहेर झाडाखाली पिशव्या राखत बसली होती. कुणीतरी सामान राखायला हवेच असते, आणि ते कुणीतरी कोण असणार हे आमच्या घरात कधी विचारावे लागले नाही. त्या दिवशी आप्पांच्या डायरीत तीन तिकिटे लिहिलेली आहेत. ती डायरी अजून माझ्या कपाटात आहे, आणि ती मी कितीतरी वेळा कौतुकाने उघडून पाहिली आहे. माणूस किती काटेकोर होता, दहा पैशांचा हिशेब ठेवायचा, असे मी मुलाला सांगितलेही आहे. त्या तीनच्या आकड्यापाशी माझी नजर कधी थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठण्यापूर्वीच मी फोनवर लाल किल्ल्याची दोन तिकिटे काढून ठेवली.

लाल किल्ल्यात शिरताना आधी छत्ता चौकातल्या दुकानांची ओळ लागते आणि ती ओलांडली की एकदम मोकळे आकाश येते. शाहजहानने 1639 ते 1648 या काळात हा किल्ला बांधून घेतला. आतल्या किती इमारती 1857 नंतर इंग्रजांनी पाडून तिथे बराकी उभारल्या हे वाचून गेले, तर त्या मोकळ्या हिरवळीकडे पाहताना पोटात तुटते. आई सावकाश चालत होती, मध्ये मध्ये थांबत होती. दिवाण-ए-खासपाशी आम्ही बराच वेळ काढला. संगमरवरी खांबांवर फुलांच्या वेली कोरलेल्या आहेत, त्यांतले मौल्यवान खडे कधीच काढून नेलेले आहेत. मध्यभागी मयूरासन होते तो चौथरा रिकामा आहे. मयूरासन 1739 मध्ये नादिरशाहाने नेले. पण माझे लक्ष छताकडे होते. आज तिथे रंगवलेले लाकडी छत आहे. पूर्वी ते चांदीने मढवलेले होते, आणि ती चांदी आपल्या माणसांनी काढली. ऑगस्ट 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता, देशावरून खजिना येत नव्हता, उत्तरेतून वसुली होत नव्हती. भाऊंनी छताची चांदी उतरवून वितळवली, तिची नाणी पाडली आणि पगार भागवला. शाळेत हे एका ओळीत वाचले होते. त्या छताखाली उभे राहून मात्र मला, एवढ्या मोठ्या सेनापतीची रात्री दिव्यापुढे जमाखर्च मांडून बसलेली, काळजीने पोखरलेली मूर्ती दिसली.

आणि त्या फौजेत नुसते लढणारे नव्हते. हजारो यात्रेकरू होते, बायका होत्या, म्हातारी माणसे होती. फौजेच्या सोबतीने गेले तर वाट सुरक्षित आणि स्वस्त, वाटेत मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र घडेल, काशी-प्रयागाचीही सोय लागेल, एवढ्या साध्या हिशेबाने ती निघाली होती. साताऱ्याच्या आसपासच्या गावांतूनही निघाली असतील. त्यांना खायला घालता घालता भाऊ मेटाकुटीला आले, असे इतिहासकार लिहितात, आणि ते खोटे नाही. पण त्या बायकांना तळावर काय ऐकावे लागले असेल, आपण किती शेर पीठ खातो याची मोजदाद आपल्यासमोरच चाललेली ऐकताना त्यांनी काय केले असेल, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. एखादीने अर्धी भाकरी बाजूला सारून "मला भूक नाही" म्हटले असेल. पुढे जानेवारी 1761 मध्ये पानिपतावर जे व्हायचे ते झाले, आणि त्याची बातमी नानासाहेब पेशव्यांना कळली ती एका सावकारी चिठ्ठीतून. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. मराठी घरात हे वाक्य पाठ नाही असे माणूस विरळा. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, हे गुरुजी समजावून सांगत. रुपये आणि खुर्दा म्हणजे कोण, हे सांगताना ते "बाकीची माणसे" एवढेच म्हणून फळा पुसायला वळत. मी त्या छताखाली उभी होते आणि बाकीच्या माणसांतले एक माणूस माझ्यापासून चार पावलांवर, चप्पल काढून, खांबावरच्या एका कोरीव फुलावरून बोट फिरवत होते. तिथल्या रखवालदाराने हात न लावण्याची खूण केली तशी तिने चटकन हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहून हसली.

चांदणी चौकात आम्ही त्या दिवशी दौलत की चाट खाल्ली. ती फक्त थंडीतच मिळते. दूध घुसळून त्याचा फेस तेवढा उचलून घेतात, वर केशराचे पाणी, खवा आणि पिठी साखर भुरभुरतात. मोठ्या परातीवर ओले मलमल झाकून ठेवलेले असते. विक्रेता ते अलगद बाजूला करून चमच्याने फेस उचलतो तेव्हा तो हवेत थरथरतो, आणि जिभेवर ठेवला की नाहीसा होतो, मागे केवळ गोडव्याची ओल राहते. मी न विचारता तीन द्रोण घेतले. आईने "एवढं कशाला, मी तुझ्यातलंच चाखते" म्हणायला तोंड उघडले होते, पण द्रोण हातात आलाच होता. तिने पहिला घास घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "ह्यात तर काहीच नाही गं, नुसता वास आहे." तिने द्रोण चाटूनपुसून संपवला आणि घडी घालून पिशवीत टाकला, कचरापेटी दिसेपर्यंत.

कुतुबमिनारविषयी मी फार लिहीत नाही. तो आभाळाएवढा आहे आणि त्याच्या पायथ्याशी माणसाला बोलणे सुचत नाही. एवढेच सांगते की मेट्रोचे कुतुबमिनार स्थानक मिनारापासून चांगलेच लांब आहे, तेव्हा म्हातारे माणूस बरोबर असेल तर तिथे रिक्षाचे पैसे वाचवू नयेत. आम्ही वाचवले नाहीत. गुरुवारी संध्याकाळी बंगला साहिबला गेलो. डोक्यावर पदर घेऊन आई पंगतीत बसली. डाळ, भाजी, खीर, आणि रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची असते हे तिने शेजारणीकडे पाहून लगेच उचलले. जेवण झाल्यावर ती मला म्हणाली, "मी जरा आत जाऊन येते," आणि लंगरच्या स्वयंपाकघरात रोट्या लाटणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली. तिथे कुणी कुणाला नाव विचारत नव्हते. कणकेचा डोंगर, तव्यांची धग, तुपाचा आणि भाजलेल्या पिठाचा वास, आणि त्यात कोपरापर्यंत बाह्या सारलेली माझी आई, तिला न येणाऱ्या पंजाबीत चाललेल्या गप्पांना मान डोलावत, एका लयीत लाटणे फिरवत होती. जवळजवळ तासभर. तिच्या रोट्या आपल्या पोळ्यांसारख्या पातळ होत होत्या, तेव्हा शेजारच्या बाईने जाड लाटून दाखवली. मी दाराशी उभी राहून पाहत होते. चार दिवसांत ती इतकी निर्धास्त मला पहिल्यांदाच दिसत होती. मला त्याचा आनंद झाला आणि वाईटही वाटले. तीन दिवस मी तिला तिकीट काढून दाखवत होते, आणि ती खुलली ती काहीतरी काम हाती आल्यावरच.

शुक्रवारी गाडी दुपारची होती. सकाळी सामान निजामुद्दीन स्टेशनवर ठेवले आणि मी म्हटले, "आपल्याला आणखी एकदा मकबऱ्यात जायचंय." मुलाने कपाळाला आठ्या घातल्या, आईने घड्याळाकडे पाहिले. "परत कशाला? बघितलाय की तुम्ही." "तू नाही बघितलास." ती काही बोलली नाही. तिकीट खिडकीपाशी मी पर्स उघडणार तोच तिने माझा हात बाजूला केला, कमरेचा बटवा काढला, आतल्या घडीघडीच्या नोटा सोडवल्या आणि खिडकीत 80 रुपये सरकवले. शेंगावाली तिथेच होती. तिने आईला ओळखले, "आ गईं अम्मा?" म्हणाली, आणि आईने "हां, अंदर जा के आती हूँ" असे अशा काही थाटात सांगितले, की जणू आतले कुणीतरी तिची वाट पाहत होते.

बागेतल्या सरळ वाटेने आम्ही चालत गेलो. कमानीतून बाहेर आल्याबरोबर मकबरा पूर्ण दिसतो, तांबड्या दगडात पांढऱ्या संगमरवराच्या रेघा, दोन्ही अंगांना कमानींची ओळ आणि वर तो पांढराशुभ्र घुमट. आई थांबली. "कुणी बांधला?" मी सांगितले की हुमायूनच्या मागे त्याची बेगम, हाजी बेगम, हिने बांधून घेतल्याचे परंपरेने सांगतात, 1570 च्या सुमारास पुरा झाला. "खर्च किती आला असेल?" "पंधरा लाख रुपये म्हणतात, त्या काळचे." तिने मान हलवली, तो आकडा तिला पटला की नाही ते कळले नाही. "नवऱ्यासाठी," ती एवढेच म्हणाली. आप्पांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती.

मुख्य चौथऱ्यावर चढायला कमानीच्या आत पायऱ्या आहेत, उंच आणि उभ्या. मुलगा दोन-दोन पायऱ्या घेत वर गेला. आईने भिंतीला हात लावून पहिली पायरी घेतली, दुसरी घेतली, तिसरीवर तिच्या तोंडून हलकेच "आई गं" निघाले आणि तिने डोळे मिटले. चौथीवर तिने पाय टेकवला पण वजन टाकले नाही. तिचा गुडघा लुगड्याच्या घोळाखाली थरथरताना मला दिसत होता. मी तिचा दंड धरला आणि आम्ही उलट पावली उतरलो. गुडघे खरोखरच दुखत होते. सोमवारीही दुखतच होते की काय, हे मी तिला विचारले नाही. विचारले असते तरी तिने मला हवे तेच सांगितले असते.

चौथऱ्याच्या सावलीत, पाण्याच्या पाटाच्या कडेला आम्ही दोघी बसलो. दगड रात्रीच्या थंडीने अजून गार होता. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि तळपाय गवतावर टेकवले. "तू जा वर," ती म्हणाली, "मला हितनं सगळं दिसतंय." मी म्हटले, मी पाहिलंय वरून. पोपटांचा थवा घुमटाकडून ओरडत आला आणि कडुनिंबात शिरला. वरच्या कठड्यापाशी मुलाचे डोके दिसले. त्याने आम्हाला शोधले आणि जोरजोरात हात हलवला. आईने बटव्यातून मूठभर शेंगा काढल्या, सोमवारच्या, त्या बाईने तिला बसल्या बसल्या दिलेल्या, आणि सोलून एकेक दाणा माझ्या हातावर ठेवू लागली.